ना अशील, ना तारीख: कायद्याच्या संशोधनावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात एलएलएमच्या (कायद्यातल्या मास्टर्सच्या) ॲडमिशनबद्दल एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेले होते की लिहिण्या-वाचण्यात खरंच जीव रमत असेल तरच करा, नाहीतर तेवढा वेळ कोर्टात घालवा. त्या एका वाक्यावरनं इतक्या मेल आल्या की यावेळी या सदरातले नेहमीचे पार्किंग, गळती, मृत्युपत्राचे प्रश्न सगळे बाजूला ठेवलेत. पार्किंगवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात तुमचाच नंबर. सगळ्या पत्रांना जागा नाही, त्यामुळे एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: मॅडम, माझी मुलगी पाच वर्षांचा लॉ करून ठाण्यात एका चांगल्या सिनियरकडे लागली होती. आता म्हणते वकिली नको, पीएचडी करणार, मग शिकवणार आणि लिहिणार. मी बँकेतनं रिटायर झालोय, कायद्यातलं कळत नाही पण व्यवहार कळतो. डॉक्टरांच्या रिसर्चमधून औषध निघतं. कायदा तर सरकार छापतं आणि त्याचा अर्थ कोर्ट लावतं, मग मधल्या मधे ही मंडळी नेमकं शोधतात काय? (एक वडील, घोडबंदर रोड)

साहेब, हा प्रश्न लॉ कॉलेजच्या स्टाफरूममध्येसुद्धा कुणी मोठ्यानं विचारत नाही, तुम्ही विचारलात ते बरं केलंत.

आधी वकिलाचं काम बघा. त्याच्याकडे अशील असतो, आणि अशिलाची केस ज्यानं जिंकेल तेवढाच कायदा त्याला दिसायला हवा, बाकीचा दिसला तरी तो बोलणार नाही आणि बोलूही नये. न्यायाधीशासमोर एक फाईल असते, त्यात दोन पक्षकारांनी जे मांडलंय त्यावरच निकाल द्यायचा, आणि बाहेर पुढच्या मॅटरवाले उभे असतातच. आमदार-खासदारांना अधिवेशन संपायच्या आत बिल पास करायचं असतं. या सगळ्यांत एका विषयावरचे पन्नास निकाल समोर ठेवून हे एकमेकांशी जुळतात का, यातला कुठला शब्द कुणाच्या जिवावर उठलाय, हे बघायचं काम कुणाचंच नाहीये. ते करायला असा माणूस लागतो ज्याला अशील नाही आणि पुढची तारीखही नाही. तुमची मुलगी ते व्हायचं म्हणतेय.

आता उदाहरण देते, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. 1972 साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या गडचिरोलीत, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची केस झाली. कायद्याच्या पुस्तकांत ती मथुरा केस म्हणून ओळखली जाते. सेशन्स कोर्टानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि सप्टेंबर 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचा पुरावा नाही, म्हणजे संमती होती असं धरलं. निकाल लागला, फाईल बंद झाली, रिपोर्टात छापून आला. वकिलांच्या दृष्टीनं विषय संपला.

मग वर्षभरानं, सप्टेंबर 1979 मध्ये, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. दिल्लीचे उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार, आणि पुण्याचे रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यांच्यापैकी त्या केसमध्ये कुणाचं वकीलपत्र नव्हतं. त्यांनी एवढंच केलं की निकाल ओळीनं वाचला आणि विचारलं की पोलीस ठाण्यात, रात्री, दोन वर्दीवाल्यांसमोर एखादी पोर गप्प राहिली तर त्याला कायद्यात संमती म्हणायचं की शरण जाणं? संमतीत मान तुकवणं असू शकतं, पण मान तुकवली म्हणजे संमती दिली असं उलट्या बाजूनं धरता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. अगदी कोरडा, कॉलेजच्या वर्गात फळ्यावर लिहावा असा मुद्दा आहे हा, पण त्या पत्रावरनं देशभर बायका रस्त्यावर आल्या, लॉ कमिशननं 1980 मध्ये 84 वा अहवाल दिला, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार हा वेगळा गुन्हा झाला, आणि अशा केसमध्ये बाईनं संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टानं तसंच गृहीत धरायचं, हे पुरावा कायद्यात 114-अ कलम घालून आलं. पीडितेचं नाव छापायला बंदीही तेव्हाचीच.

त्या केसचा निकाल मात्र बदलला नाही, हेही सांगायला हवं. पोलीस सुटले ते सुटलेच. संशोधनाचं हे असंच असतं, ज्याच्या दुःखावरनं ते सुरू होतं त्याला फायदा मिळतोच असं नाही, मिळतो तो नंतर येणाऱ्यांना.

आणि दर लेखातनं असा कायदा बदलत नाही हो. बहुतेक लेख दहा-बारा लोक वाचतात, त्यातले निम्मे लिहिणाऱ्याचेच विद्यार्थी. पण कुठल्या दहा लेखांतला एक वीस वर्षांनी कामाला येईल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला हाल आहेत, कॉन्ट्रॅक्टवर तासिका तत्त्वावर शिकवावं लागेल, नेट-सेट काढावी लागेल, त्यामुळे दोन-तीन वर्षं घरचा आधार लागेल हे तिला आणि स्वतःलाही स्पष्ट सांगा. सिनियरशी मात्र संबंध तोडू नये म्हणावं, पुढच्या उत्तरात त्याचं कारण येतंय.

प्रश्न: मी ठाणे कोर्टात वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय, दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. खरं सांगायचं तर या प्रोफेसर लोकांचे आर्टिकल मी आजवर एकदाही वापरलेलं नाही. ज्यांनी कधी उलटतपास घेतला नाही ते आम्हाला पुरावा कायदा शिकवणार. जज वाचत नाहीत, वकील वाचत नाहीत, मग हे कुणासाठी लिहितात? प्रमोशनसाठीच ना? (एक वकील, कोर्ट नाका)

वकीलसाहेब, निम्मं मान्य. तुमच्याआधी अमेरिकेच्या सरन्यायाधीशांनीही हेच म्हणून ठेवलंय. जॉन रॉबर्ट्स 2011 मध्ये एका न्यायाधीशांच्या परिषदेत म्हणाले होते की कुठलंही लॉ रिव्ह्यू (कायद्याचं संशोधन छापणारं नियतकालिक) उघडा, पहिलाच लेख अठराव्या शतकातल्या बल्गेरियातल्या पुराव्याच्या पद्धतींवर कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा प्रभाव असल्या कशावर तरी असतो, लिहिणाऱ्याला त्यात फार रस असेल पण वकिली करणाऱ्याला उपयोग शून्य. लोक खूप हसले. आणि गंमत म्हणजे एका प्राध्यापकानं मग खरंच बसून त्या काल्पनिक विषयावर एक छोटा निबंध लिहून टाकला, की बाबा असा प्रभाव बहुधा नव्हताच. प्राध्यापकांना रिकामा वेळ असतो हा तुमचा आरोप त्यावरनं सिद्धच होतो म्हणा.

पण आता दुसरी बाजू ऐका. फेब्रुवारी 1965 मध्ये डीटर कॉनराड नावाचे हायडलबर्गचे एक जर्मन प्राध्यापक बनारस हिंदू विद्यापीठात लेक्चर द्यायला आले. विषय, घटनादुरुस्ती करण्याच्या अधिकाराला न लिहिलेल्या मर्यादा असतात का. त्यांनी काही अतिरेकी वाटतील असे प्रश्न टाकले, म्हणजे दोन तृतीयांश बहुमत आहे म्हणून संसद कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, काढून टाकू शकते का, किंवा दुरुस्ती करून मोगल बादशाही परत आणू शकते का. तेव्हाच्या भारतात कुठल्या कोर्टात कुणी असं बोललं असतं तर तुम्हीच पहिले हसला असतात. पण कॉनराड जर्मनीचे होते, 1930 च्या दशकात घटनेच्या चौकटीतूनच घटनेचा गळा कसा घोटला गेला ते त्यांच्या देशानं भोगलं होतं, म्हणून युद्धानंतरच्या त्यांच्या घटनेत काही गोष्टींना हातच लावायचा नाही असं कलमच आहे.

त्या लेक्चरचा कागद एम. के. नंबियार या वकिलांच्या हाती लागला आणि 1967 मध्ये गोलकनाथ केसमध्ये त्यांनी तो मुद्दा मांडला. कोर्टानं दखल घेतली पण निर्णय वेगळ्या कारणावर दिला. पुढे केशवानंद भारती, 24 एप्रिल 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, आणि घटनेच्या मूळ ढाच्याला संसद धक्का लावू शकत नाही हे ठरलं. ज्यांच्या मतामुळे पारडं फिरलं त्या न्यायमूर्ती खन्नांनी कॉनराड यांचा उल्लेख निकालात केलाय. आता हे सगळं एका जर्मनाचं श्रेय असं मी म्हणत नाहीये, कारण 1965 मध्येच सज्जन सिंग केसमध्ये आपले न्यायमूर्ती मुधोळकर यांनी घटनेचं मूळ स्वरूप बदलणं याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा भाग नव्यानं लिहिणं अशी शंका निकालात नोंदवली होतीच, आणि केशवानंदमध्ये वकील नानी पालखीवालांनी दिवसेंदिवस उभं राहून जे केलं ते कुठल्याही लेखानं झालं नसतं. पण बघा ना, ज्या प्रश्नाला कुणी अशील नव्हता, कुठली केस नव्हती, तो प्रश्न आठ वर्षं आधी तयार होता म्हणून वेळ आली तेव्हा वकिलाला मिळाला. आणि 1975 मध्ये, ऐन आणीबाणीत, पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या हाताबाहेर काढणारी 39 वी घटनादुरुस्ती त्याच तत्त्वावर अडली. हे काम वकील करू शकत नाही असं नाही, पण सोमवारी बोर्डावर अकरा मॅटर असताना मोगल बादशहाचा विचार करायला त्याला सवड कुठली असणार.

शिवाय तुम्ही कधी वापरलं नाही म्हणता ते तितकंसं खरं नसावं. ज्या कॉमेंट्रीचं (कायद्याचा कलमवार अर्थ सांगणाऱ्या पुस्तकाचं) पान झेरॉक्स करून तुम्ही जजसाहेबांसमोर ठेवता ती आभाळातनं पडत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम आले तेव्हा जुनं कलम नवीन कुठलं, कुठे एखादा शब्द गुपचूप बदललाय, हे कोष्टक बार रूममध्ये फिरत होतं ना? कुणीतरी बसून केलं म्हणून फिरलं. हे संशोधनातलं सगळ्यात प्राथमिक काम, पण तेही काम आहेच.

आता जे निम्मं मान्य आहे त्याबद्दल. प्रमोशनसाठी पॉइंट लागतात म्हणून रद्दी लिहिली जाते, आणि भरपूर लिहिली जाते. त्याहून माझी मोठी तक्रार अशी आहे की आमची मंडळी फक्त सुप्रीम कोर्टाचे आणि हायकोर्टाचे निकाल वाचतात, कारण ते डेटाबेसवर टाईप केले की मिळतात. ज्या माणसाची केस ठाण्यात किंवा बेलापूरला सुरू होऊन तिथेच संपली, म्हणजे बहुतेक सगळ्यांची, त्याचा कायदा कसा होता हे कुठल्याच लेखात नाही. जामीन खरं तर कशावर मिळतो, तारीख कशावर पडते, साक्षीदार का फिरतो, हे तुम्हाला माहितीये आणि आम्हाला नाही. उलटतपास न घेता पुरावा कायद्यावर लिहू नये असं मी म्हणणार नाही, पण निदान वर्षभर मागच्या बाकावर बसून ऐकावं आणि मग लिहावं. घोडबंदरच्या त्या मुलीसारखी कुणी तुमच्याकडे फाईल बघायला मागितली, तर पक्षकाराची नावं झाकून का होईना पण बघू द्या.

प्रश्न: नमस्कार मॅम, मी एलएलएम करतेय. डिसर्टेशनसाठी (प्रबंधासाठी) गाईडनी विषय दिलाय, भारत, अमेरिका आणि इंग्लंडमधल्या प्रायव्हसीच्या कायद्याचा तुलनात्मक अभ्यास. सगळं नेटवर आहे, मला काहीच नवीन सुचत नाहीये. विषय बदलू का? बदलला तर काय घेऊ? (एक विद्यार्थिनी, नेरुळ)

बदल. तीन देशांचा तुलनात्मक अभ्यास हा विषय नसतो, ती विषयांची रांग असते. पहिल्या प्रकरणात अमेरिका, दुसऱ्यात इंग्लंड, तिसऱ्यात पुट्टस्वामी (प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल), चौथ्यात शिफारसी, आणि शिफारस काय तर जनजागृती व्हावी. असे गठ्ठे मी इतके तपासलेत की आता शिफारसी आधी वाचते, तिथे जनजागृती दिसली की पुढचं कळतंच.

कायद्याच्या संशोधनात साधारण तीन तऱ्हेचे प्रश्न असतात. एक म्हणजे कायदा काय आहे, निकाल वाचून त्यातली सुसंगती किंवा गोंधळ दाखवणं, याला आपण डॉक्ट्रिनल म्हणतो. दुसरा, कायदा काय असायला हवा. आणि तिसरा, कागदावरचा कायदा जमिनीवर कसा वागतो. आपल्याकडे सगळे पहिल्यावरनं थेट दुसऱ्यावर उडी मारतात, तिसऱ्याकडे कुणी बघत नाही कारण त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं. आणि तू तर नेरुळला राहतेस, अगं तुझ्या पायाखालीच विषय आहे!

तुझी बिल्डिंग सिडकोच्या जमिनीवर असणार. सिडको 1970 मध्ये आली, जमीन शेतकऱ्यांकडनं, आगऱ्यांकडनं संपादित झाली, आणि प्लॉट विकले नाहीत तर लीजवर दिले, बरेच जुने करार 60 वर्षांचे. म्हणजे तुझ्या आईबाबांनी आयुष्याची कमाई घालून फ्लॅट 'विकत' घेतला, पण जमीन भाडेपट्ट्याची. फ्लॅट विकायचा तर सिडकोची एनओसी, ट्रान्सफर चार्जेस. आता विचार कर, मालकी म्हणजे नेमकं काय यावर तुमच्या सिलॅबसमध्ये जे मोठमोठे सिद्धांत आहेत त्यांना हा फ्लॅट विचारून बघ की मी कुणाचा. किंवा साडेबारा टक्के योजना घे. जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा, आणि त्यातनं पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आंदोलनातनं आलेली ही योजना कागदोपत्री धोरण म्हणून चालते, मग तिच्यातला वाटा हा हक्क आहे की सरकारची मेहेरबानी, वारसांत भांडण झालं तर कुठला कायदा लावायचा, गावठाणाभोवतीच्या गरजेपोटी बांधलेल्या घरांचं काय, यातल्या एकेका प्रश्नावर अख्खी पीएचडी होईल.

ठाण्याकडे यायचं असेल तर डीम्ड कन्व्हेयन्स. मोफा, म्हणजे बिल्डरनं फ्लॅट विकताना काय पाळायचं ते सांगणारा महाराष्ट्राचा कायदा, 1963 चा, त्यात बिल्डरनं सोसायटीच्या नावावर जमीन करून द्यायची, नियमात मुदतही आहे, पण करून देत नव्हते, शिक्षेची तरतूद असूनही देत नव्हते. मग 2008 च्या दुरुस्तीनं जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून एकतर्फी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, मिळवायची सोय झाली. आता संशोधकाचा प्रश्न असा की 45 वर्षं फौजदारी धाक दाखवून जे झालं नाही ते एका खिडकीवरच्या अर्जानं झालं का? उपनिबंधकाचे आदेश माहितीच्या अधिकारात मागता येतात, शे-दीडशे आदेश घे, किती दिवसांत निघाले, नाकारले तर कशावर, किती ठिकाणी नंतर दिवाणी दावा पडला, कारण मालकी हक्काचा शेवटचा निवाडा उपनिबंधक करतच नाही. एवढं केलंस तरी तीन देशांच्या तुलनेपेक्षा हजार पटीनं बरं.

यात तुला एक फायदा आहे जो दिल्ली-बंगलोरच्या मोठ्या लॉ स्कूलवाल्यांना नाही. इथले अर्ज, रोजनामे, जबाब, पंचनामे मराठीत आहेत. सातबारा वाचता येतो का? येत नसेल तर शीक, आठवड्याचं काम आहे, तलाठी ऑफिसला कुणीही शिकवेल, चहा मात्र पाजावा लागेल. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन ये, 1893 पासूनची संस्था आहे, जुन्या जमीन कायद्यांवर आणि जिल्ह्यावर काय काय मिळतं ते बघ.

गाईडना कसं सांगायचं हा खरा प्रश्न आहे ना तुझा? सर, तुम्ही दिलेल्या विषयातूनच हे सुचलं म्हणायचं. सगळे असंच करतात.

प्रश्न: एका जर्नलनं मेल केलाय की पेपर पाठवा, तीन दिवसांत छापू, अडीच हजार भरा, सर्टिफिकेट मिळेल. पीएचडीसाठी पेपर लागतोच ना? (ऐरोली)

भरू नका. तीन दिवसांत पेपर वाचूनसुद्धा होत नाही, तपासून कुठला होणार. आणि यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली आहे, तुमच्या विद्यापीठानं स्वतःचा वेगळा नियम ठेवलाय का तेवढं विचारा. यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, हीसुद्धा 2025 च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' असा शिक्का दाखवून कुणी पैसे मागत असेल तर दुप्पट सावध. चांगल्या लॉ स्कूलची विद्यार्थ्यांनी चालवलेली जर्नल्स पैसे घेत नाहीत, फक्त नाकारतात. नाकारताना दोन ओळी कारण देतात, त्या जपून ठेवा.

प्रश्न: प्राध्यापकानं निष्पक्ष असायला हवं ना? आजकाल सगळे कुठल्या तरी बाजूचे. एकीकडे लेख लिहितात, दुसरीकडे याचिका टाकतात. याला अभ्यास म्हणायचं की चळवळ? (एक वाचक, चरई)

बाजू असण्याबद्दल माझी तक्रार नाही, वर सांगितलेल्या चौघांचीही बाजू होतीच. त्यातल्याच बक्षी आणि लतिका सरकार यांनी 1981 मध्ये आग्र्याच्या महिला संरक्षणगृहातल्या भयंकर अवस्थेबद्दल सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टानं त्यालाच याचिका मानलं. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. लेखात विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम निकाल आहे का बघा. वकिलानं तो सांगितला नाही तर समोरचा वकील सांगेल, तशी व्यवस्थाच आहे, पण लेखाला समोरचा वकील नसतो, म्हणून लिहिणाऱ्यानं स्वतःच ते काम करायचं. ते केलं नाही तर तो अभ्यास नाही, ते लेखी युक्तिवाद झालं, फक्त फी न घेता. आणि फी घेऊन असेल, म्हणजे एखाद्या कंपनीसाठी ओपिनियन दिलं आणि मग त्याच मुद्द्यावर लेख छापला, तर पहिल्या पानावर तसं लिहिलेलं हवं. आपल्याकडे हे कुणी लिहीत नाही, वाचणाराही विचारत नाही.

बाजू असूनही काम कसं चोख असतं त्याचं एक उदाहरण. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' केसमध्येच द्यायची असं आपण म्हणत आलो. पण ती मिळते कुणाला, हे कुणी मोजलंच नव्हतं. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या गटानं देशभरातल्या तुरुंगांत जाऊन फाशीच्या कैद्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलून 2016 मध्ये अहवाल काढला. जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातले निघाले. तुम्ही फाशीच्या बाजूचे असा की विरोधातले, आकडा दोघांनाही वापरता येतो, एक म्हणेल फाशी रद्द करा, दुसरा म्हणेल गरिबांना चांगला वकील द्या. अहवाल करणाऱ्यांची बाजू काय होती यानं आकडा खोटा पडत नाही, मोजण्यात चूक दाखवली तरच पडतो. त्यामुळे चरईकर, माणूस कुठल्या बाजूचा ते विचारण्यापेक्षा त्यानं काय मोजलं आणि काय मोजायचं टाळलं ते विचारा, ते जास्त अवघड आहे म्हणून कमी लोक विचारतात.

प्रश्न: मी कोपरखैरण्यातल्या सोसायटीचा सेक्रेटरी. एका सभासदानं फ्लॅट भाड्यानं दिलाय, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क) भरत नाही. त्यानं कुठल्या तरी लॉ प्रोफेसरचा लेख प्रिंट करून आणलाय की असे चार्जेस मुळातच बेकायदेशीर आहेत, आणि म्हणतो रजिस्ट्रारकडे हाच लावतो. लेखाला कोर्टात किंमत असते का?

किंमत असते, बंधन नसतं. घटनेच्या कलम 141 प्रमाणे सुप्रीम कोर्टानं सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, प्रोफेसरनं सांगितलेला कुणावरच नाही. पण पटला तर न्यायाधीश लेखाचा आधार घेऊ शकतात. 24 ऑगस्ट 2017 च्या नऊ न्यायाधीशांच्या पुट्टस्वामी निकालात प्रायव्हसीच्या हक्काची चर्चा करताना वॉरन आणि ब्रँडाईस या दोन अमेरिकन वकिलांनी 1890 मध्ये लिहिलेल्या लेखाचा विचार झालाय, म्हणजे सव्वाशे वर्षं जुना लेख. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या तर मूळ कायद्यातच (स्टॅट्यूट), कलम 38 मध्ये, मोठ्या अभ्यासकांचं लेखन हे कायदा ठरवायचं दुय्यम साधन म्हणून लिहिलेलं आहे. दुय्यम हा शब्द लक्षात ठेवा.

तुमच्या सभासदाचा लेख मी बघितला नाही, पण वाचायची पद्धत सांगते. 'बेकायदेशीर आहेत' असं लिहिलंय की 'असायला हवेत' ते आधी बघा, प्रोफेसर लोक दुसरं लिहितात आणि सभासद पहिलं वाचतात. मग खाली तळटीप बघा, कुठला निकाल दिलाय तो काढा, निकाल असेल तर त्यावर बोलणं होईल, नसेल तर लेख घडी घालून परत द्या. तुमच्या बाजूनं मात्र लेखबिख शोधत बसू नका. सहकारी संस्था कायद्याच्या 79-अ खालचा 1 ऑगस्ट 2001 चा शासनाचा आदेश आहे, त्यात नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत घेता येतात, महापालिकेचे कर सोडून. तुमचं बिल त्याच हिशेबात बसतंय का ते आधी तपासा, कारण बऱ्याच सोसायट्या पूर्ण मेंटेनन्सवर 10 टक्के लावतात, आणि तसं असेल तर सभासद चुकीच्या लेखावरनं का होईना बरोबर बोलतोय.